कादंबरीला नियम नव्हते तेव्हा

यमू आपल्या लहानपणापासून सुरुवात करते. दादाबरोबरचे खेळ, घरातल्या बायकांची बोलणी, मोठ्यांचा धाक. पानंच्या पानं ती सांगत राहते आणि आपण साफ विसरतो की हे लिहिणारा एक पुरुष आहे, पुण्यात राहणारा, वय सव्वीसच्या आसपास, आणि 1890 साली स्वतःच काढलेल्या 'करमणूक' साप्ताहिकाचे रकाने त्याला भरायचे आहेत. हरि नारायण आपट्यांचं नाव 'पण लक्षात कोण घेतो?'च्या वेष्टनावर आहे. आत ते कुठंच नाहीत. आत फक्त यमू.

मी रात्री दिवा मालवण्यापूर्वी चार पानं वाचणारा माणूस. साहित्याचा इतिहास परीक्षेसाठी कधी घोकावा लागला नाही, त्यामुळे त्याची भीतीही बसली नाही. पण यमू वाचून कुतूहल जागं झालं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'चं नाव घेतात, ती 1857 ची. म्हणजे आपल्याकडे हा प्रकार उणापुरा तेहतीस वर्षांचा असताना आपटे हे सोंग इतक्या सफाईनं वठवत होते. लेखकानं स्वतः दडून बसायचं आणि पात्राच्या हातात लेखणी द्यायची, ही युक्ती मग किती जुनी? बघावं म्हणून मागं मागं जात राहिलो. वाटलं होतं, जितकं मागं जाऊ तितकं लिखाण बाळबोध होत जाईल. झालं उलटंच. जितकं मागं गेलो तितकी पुस्तकं जास्त चक्रम, जास्त धीट आणि आजच्या लेखकांनाही बिचकायला लावतील अशी निघाली.

पहिला धक्का लॉरेन्स स्टर्ननं दिला. हा यॉर्कशरमधला एक पाद्री. 1759 च्या अखेरीस त्यानं 'ट्रिस्ट्रम शँडी'चे पहिले दोन खंड काढले आणि 1767 पर्यंत एकूण नऊ. नायक आपलं चरित्र सांगायला बसतो ते थेट गर्भधारणेच्या रात्रीपासून. ऐन त्या क्षणी आई वडिलांना विचारते, घड्याळाला चावी द्यायचं विसरलात की काय? वडिलांचा घरातली कामं नेमानं उरकण्याचा स्वभाव असा, की महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री मोठ्या घड्याळाला चावी देणं आणि ते दुसरं कर्तव्य, दोन्ही एकाच रात्री. आईच्या डोक्यात दोन्हींची सांगड पक्की बसलेली! वडिलांचं लक्ष उडालं आणि आपल्या आयुष्याचं जे काही बिघडलं ते तिथूनच, असं ट्रिस्ट्रमचं म्हणणं. हे छापून आल्यावर 1760 साली लंडनमध्ये घड्याळजींच्या नावानं एक विनोदी पुस्तिका निघाली. तक्रार अशी, की या पुस्तकापासून सभ्य लोकांना घड्याळाचं नावही काढायची चोरी झाली आहे.

पुढं नायक जन्मालाच येत नाही. एक आठवण सांगताना दुसरी निघते, तिच्यातून काकांची, काकांवरून त्यांच्या नोकराची. काका टोबी सैनिक होते, 1695 च्या नामूरच्या वेढ्यात जांघेत जखमी झालेले. आता घराजवळच्या हिरवळीवर किल्ल्यांच्या प्रतिकृती रचत बसतात. या सगळ्यात नायकाचा जन्म तिसऱ्या खंडापर्यंत लांबतो. चौथ्या खंडाच्या मध्यावर ट्रिस्ट्रम हिशेब मांडतो: लिहायला बसून वर्ष झालं आणि आयुष्याचा जेमतेम पहिला दिवस लिहून झालाय. म्हणजे सुरुवात केली तेव्हापेक्षा आज 364 दिवसांचं लिखाण जास्तच शिल्लक आहे. तो जितका लिहील तितकी थकबाकी वाढणार. मी हसता हसता थांबलो, कारण गणित बिनचूक आहे. जगण्याचा वेग आणि लिहिण्याचा वेग यांचा मेळ कधी बसत नाही ही गोष्ट तत्त्वज्ञानाचा आव न आणता, एखाद्या कारकुनासारखी आकड्यात मांडणारा हा पाद्री मला तिथं फार आवडला.

पण खरी गंमत पानांत आहे. एक पात्र मरतं तेव्हा स्टर्न त्या पानाच्या दोन्ही बाजू काळ्या शाईनं भरून टाकतो. एका विधवेचं सौंदर्य वर्णावं तर तो वाचकाला कोरं पान देतो: शाई मागवा, तुमच्या मनातली काढा. चौथ्या खंडातून एक अख्खं प्रकरण गायब आहे आणि पानांचे आकडे दहानं उडी घेतात. सबब अशी की ते प्रकरण इतकं सरस उतरलं होतं की बाकीचं पुस्तक त्यापुढं फिकं पडलं असतं, म्हणून फाडलं. आणि तिसऱ्या खंडात एक रंगीत अबरीचं पान आहे, जुन्या जाड पुस्तकांच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं असतं तसं. हे काम कसं व्हायचं ते बघा. डिंकासारखा चिकट द्रव थाळ्यात ओतायचा, त्यावर रंगांचे थेंब तरंगत सोडायचे, काडीनं ते हलवायचे आणि कागद अलगद टेकवून उचलायचा. एकदा उमटलेली नक्षी पुन्हा तशीच उमटत नाही. स्टर्नच्या पानाला तर दोन्ही बाजूंनी नक्षी हवी आणि समास कोरे हवेत, म्हणून कडा दुमडून प्रत्येक पान थाळ्यात दोनदा बुडवावं लागलं. तेही पहिल्या आवृत्तीच्या प्रत्येक प्रतीसाठी वेगळं. छपाई म्हणजे एकासारखी एक प्रत, हा छापखान्याचा सगळा अभिमान. आणि या गृहस्थानं छापील पुस्तकात असं पान घातलं की दोन वाचकांची पुस्तकं एकसारखी नसावीत. माझ्याकडच्या स्वस्त आवृत्तीत त्या जागी करड्या रंगाचा धुरकट चौकोन आहे. प्रकाशकाला दोष देण्यात अर्थ नाही. हे आज कुणाला परवडेल?

स्टर्नचा एक धागा थेट आपल्या माझगावला येऊन मिळतो, हे वाचून मी उडालोच. मरणाच्या आदल्या वर्षी, 1767 च्या जानेवारीत, क्षयानं खंगलेला स्टर्न लंडनमध्ये एलायझा ड्रेपर नावाच्या तरुणीच्या प्रेमात पडला. ती जन्मली होती केरळच्या किनाऱ्यावर अंजेंगोला, आणि तिचा नवरा मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. काही महिन्यांत ती मुंबईला परत निघाली. स्टर्न तिच्या नावानं रोजनिशी लिहीत राहिला आणि 1768 च्या मार्चमध्ये गेला. पुढं 1773 च्या जानेवारीत हीच एलायझा माझगावच्या बेल्व्हेडिअर नावाच्या बंगल्यातून नवऱ्याला सोडून रात्रीची निघून गेली. बंदरात उभ्या असलेल्या आरमारी जहाजावर गेली, खिडकीतून दोरावरून उतरली, अशी आख्यायिका मुंबईत पुढं कितीतरी वर्षं सांगत. कादंबरीकाराची नायिका प्रत्यक्षात कादंबरीपेक्षा एक पाऊल पुढं गेली म्हणायची.

स्टर्नच्या मागं वीस वर्षं गेलं की सॅम्युअल रिचर्डसन भेटतो. हा लंडनचा मुद्रक, पन्नाशीचा, सुस्थितीतला, चारचौघांत चारित्र्यवान म्हणून ओळखला जाणारा. पण तेरा वर्षांचा असताना त्यानं एक उद्योग केला होता. शेजारच्या तीन तरुणी आपापल्या प्रियकरांना पाठवायची पत्रं त्याच्याकडून लिहून घेत, एकीला दुसरीचा पत्ता नाही. मुंबईच्या जीपीओसमोर ताडपत्रीखाली बसणाऱ्या पत्रलेखकांनी परक्यांची सुखदुःखं जशी लिहिली तसंच हे, फक्त लेखनिक पोरसवदा. दुसऱ्याच्या मनात शिरून त्याच्या वतीनं लिहायचं शिक्षण याहून चांगलं कुठं मिळणार?

पुढं दोन पुस्तकविक्रेत्यांनी त्याला सुचवलं, खेड्यापाड्यातल्या लोकांसाठी नमुन्याच्या पत्रांचं पुस्तक लिहा. त्यात कामाला गेलेल्या मुलींनी मालकाच्या जाचात कसं वागावं याची पत्रं लिहिता लिहिता त्याला पूर्वी ऐकलेली एक हकीकत आठवली. नमुन्याची पत्रं बाजूला राहिली आणि 1739 च्या नोव्हेंबरपासून दोन महिन्यांत 'पामेला' लिहून झाली. 1740 च्या अखेरीस ती बाहेर पडली तेव्हा रिचर्डसननं आपलं नाव घातलं नाही. आपण फक्त संपादक, पत्रं खरी, असा पवित्रा.

पामेला पंधरा वर्षांची मोलकरीण. मालक मागं लागतो, दूरच्या वाड्यात कोंडून ठेवतो. तिच्याकडं शस्त्र एकच, लिहिणं. कागद, शाई, पिसं ती ठिकठिकाणी दडवते आणि लिहिलेलं सगळं परकराच्या आत शिवून अंगावर वागवते. मालकाला हे कळतं तेव्हा तो कागदांसाठी झडती घ्यायची धमकी देतो. हा प्रसंग वाचताना मला गुदमरायला झालं. आपण जे पुस्तक हातात धरून वाचतोय, तेच त्या क्षणी त्या पोरीच्या अंगाला शिवलेलं आहे! मालक अखेर ते वाचतो, आणि वाचून बदलतो. उत्तरार्धात लग्न होतं आणि पुस्तक निर्जीव होतं; तो भाग मी चाळला, तुम्हीही खुशाल चाळा.

लंडनला मात्र वेड लागलं. पामेलाची चित्रं काढलेले पंखे विकले गेले, व्हॉक्सहॉलच्या बागेत तिची चित्रं लागली. कुणी दुसऱ्यानंच तिच्या पुढच्या आयुष्याचं पुस्तक काढलं, तेव्हा रिचर्डसनला नाइलाजानं स्वतःचा पुढचा भाग लिहावा लागला. आणि हेन्री फील्डिंगनं 1741 मध्ये 'शमेला' काढून तिची अशी टर उडवली की वाचणाऱ्याची हसून पुरेवाट व्हावी. त्यात नायिका पांघरुणात पडली आहे, मालक दार उघडून आत येतो आहे, आणि तरी तिची लेखणी चालूच. फील्डिंगनं दुखरी नस बरोबर पकडली. पत्रातून गोष्ट सांगायची तर प्रसंग घडताना लिहायला हात मोकळा हवा, आणि हात मोकळा असेल तर प्रसंग घडेल कसा? रिचर्डसननं हा आक्षेप मनावर घेतलेला दिसत नाही. पुढची 'क्लॅरिसा' त्यानं पत्रांतच लिहिली, सात खंड, साडेनऊ लाखांच्या घरात शब्द. खंड टप्प्याटप्प्यानं निघत होते. तेवढ्यात लेडी ब्रॅडशे नावाच्या वाचकबाईंनी टोपणनावानं पत्रं पाठवून गळ घातली की क्लॅरिसाला मारू नका. त्यानं मारलीच. आजच्या मालिकांच्या लेखकांत एवढी हिंमत क्वचित दिसते.

आणखी एकवीस वर्षं मागं, 1719 चा एप्रिल. रॉबिन्सन क्रूसोच्या पहिल्या आवृत्तीचं मुखपृष्ठ म्हणजे एक भलंमोठं वाक्य: यॉर्कचा खलाशी, ओरिनोको नदीच्या मुखाजवळच्या निर्मनुष्य बेटावर अठ्ठावीस वर्षं एकटा राहिला वगैरे, आणि तळाशी ग्वाही, की हे त्यानं स्वतः लिहिलं आहे. डॅनिएल डीफोचं नाव कुठंच नाही. साठीला टेकलेला हा माणूस पत्रकार, दिवाळखोर व्यापारी, सरकारी हेर, सगळं होऊन चुकला होता. 1703 मध्ये एका पत्रकापायी लंडनच्या चौकात खोड्यात उभाही राहिला होता.

नाव का लपवायचं? यमूपासून मनात असलेल्या प्रश्नाचं उत्तर इथं हाती लागलं. त्या काळच्या धर्मनिष्ठ इंग्रज घरात रचलेली गोष्ट म्हणजे छापील खोटं. प्रवासवर्णन चालेल, पश्चात्ताप पावलेल्या पाप्याचं आत्मकथन चालेल, पत्रं चालतील, खुन्याचा कबुलीजबाब तर धावेल. पण कधी न जन्मलेल्या माणसाच्या न घडलेल्या दुःखासाठी पैसे मोजायचे? वेळ आणि अश्रू खर्चायचे? याला नावही नव्हतं आणि प्रतिष्ठाही नव्हती. म्हणून या नव्या प्रकारानं उसनी कागदपत्रं दाखवून दारातून प्रवेश मिळवला. आणि कागदपत्रं खरी वाटायची तर त्यांत तपशील हवेत: तारखा, वजनं, किमती, किरकोळ अडचणी. ज्याला आपण पुढं वास्तववाद म्हणून डोक्यावर घेतलं, त्याचा उगम माझ्या मते या बनवाबनवीत आहे. खोटं पचवायचं तर ते मोजून मापून सांगावं लागतं, हे डीफो पुरता ओळखून होता.

म्हणून क्रूसो आपल्या परिस्थितीचा जमाखर्च मांडतो, एका बाजूला वाईट, दुसऱ्या बाजूला चांगलं. शाई संपत आल्याची नोंद करतो. मातीची दोन ओबडधोबड भांडी बनवायला लागलेले दोन महिने लपवत नाही. प्रचंड झाड तोडून होडी कोरतो आणि मग लक्षात येतं की ती पाण्यापर्यंत ओढता येणारच नाही. फुटक्या जहाजात त्याला सोन्याचांदीची नाणी सापडतात. इथं तुझा काय उपयोग, तुझ्यासाठी वाकण्याचेही कष्ट नकोत, असं तो त्या पैशाला तावातावानं सुनावतो, आणि मग जरा विचार करून बरोबर घेतो. त्या एका वाक्यात डीफोनं माणूस उभा केला आहे. चुकाही आहेत. क्रूसो कपडे उतरवून जहाजाकडं पोहत जातो आणि तिथं खिशात बिस्किटं भरतो. समकालीन टीकाकारांनी त्याच वर्षी त्याची खिल्ली उडवली. त्यावर 1720 मध्ये निघालेल्या क्रूसोच्या तिसऱ्या पुस्तकात उत्तर द्यायला उभा कोण राहतो, तर क्रूसो. प्रस्तावनेत तोच ठणकावून सांगतो की माझी गोष्ट रूपक असली तरी खरी आहे. लेखक पडद्याआड आणि पात्र बचावाला हजर.

आणि तरीही हे सगळे उशिरा आलेले. त्यांच्या आधी शंभरेक वर्षं, स्पेनमध्ये, मिगेल दे सर्व्हान्तेस हे सारं करून मोकळा झाला होता. त्याच्याबद्दल कुतूहल वाटावं असंच त्याचं आयुष्य: 1571 च्या लेपान्तोच्या आरमारी लढाईत डावा हात निकामी, चार वर्षांनी चाच्यांच्या तावडीत, मग अल्जीअर्समध्ये पाच वर्षं गुलामगिरी, खंडणी भरून सुटका. 'डॉन किहोटे'चा पहिला भाग 1605 साली आला तेव्हा तो अठ्ठावन्नीला आलेला.

आठवं प्रकरण. किहोटे आणि एक बास्क माणूस तलवारी उगारून एकमेकांवर धावलेत. तलवारी हवेत, आणि गोष्ट तुटते. निवेदक म्हणतो, मूळ लेखकाला यापुढचं काही सापडलं नाही. नवव्या प्रकरणात हा निवेदक तोलेदोच्या बाजारात फिरतोय. एक पोरगा जुनी बाडं रद्दीत विकायला आणतो. हा छापील-लेखी काहीही वाचायचा नादिष्ट, म्हणून एक वही उचलतो. अरबी लिपी. वाचून दाखवायला एक मोरिस्को, म्हणजे ख्रिस्ती झालेला मुसलमान, गाठतो. तो वाचता वाचता हसायला लागतो. ती वही किहोटेचाच इतिहास निघते, लेखक सीदे हामेते बेनेंगेली नावाचा अरब. अर्ध्या रेआलात सगळी बाडं विकत घेतली जातात आणि भाषांतराचा मोबदला ठरतो मनुका आणि गहू. मग तलवारी खाली येतात.

आता बघा, आपण वाचतोय ते एका अरबाचं लेखन, एका मोरिस्कोचं भाषांतर आणि एका स्पॅनिश माणसाचं संपादन. मूळ लेखकाच्या खरेपणाबद्दल निवेदकच शंका घेतो. दुसऱ्या भागात भाषांतरकारही मध्ये तोंड घालतो: हे प्रकरण बनावट असावं, किहोटेचा सेवक सांचो इतकं शहाण्यासारखं बोलणं शक्य नाही. आणि हे लिहिलं जात असताना त्या देशात अरबी ग्रंथ घरात सापडणं धोक्याचं होतं. 1609 पासून मोरिस्कोंची हकालपट्टीच सुरू झाली. विनोद चालला आहे तो निखाऱ्यांवर.

पहिल्या भागात सांचोचं गाढव चोरीला जातं, पण पहिल्या आवृत्तीत चोरीचा प्रसंग छापायचाच राहिला. त्यामुळे नाहीशा झालेल्या गाढवावर सांचो पुन्हा बसलेला दिसतो. दुसरा कुणी गुपचूप दुरुस्ती करून मोकळा झाला असता. सर्व्हान्तेसनं 1615 च्या दुसऱ्या भागात ही चूक पात्रांच्याच चर्चेला घेतली. कारण या भागातल्या लोकांनी पहिला भाग वाचलेला आहे! किहोटेला कळतं की आपल्यावर पुस्तक निघालंय, बारा हजार प्रती छापल्या गेल्यात, मध्येच घुसडलेल्या उपकथांना वाचक नावं ठेवतात. गाढवाबद्दल सांचोला विचारतात तर तो म्हणतो, लिहिणाऱ्याची चूक असेल, नाहीतर छापणाऱ्याची.

दरम्यान 1614 मध्ये अवेयानेदा असं टोपणनाव घेऊन कुणीतरी स्वतःचाच 'दुसरा भाग' छापून टाकला होता, वर प्रस्तावनेत सर्व्हान्तेसच्या म्हातारपणाची आणि थोट्या हाताची टवाळीही केली. कोर्टात जाण्याची सोय नव्हती. सर्व्हान्तेसनं सूड घेतला तो कादंबरीच्या आतून. एका खानावळीत किहोटेला शेजारच्या खोलीत ते बनावट पुस्तक वाचलं जाताना ऐकू येतं. त्यात किहोटे सारागोसाला गेल्याचं लिहिलंय, म्हणून खरा किहोटे सारागोसाचा बेत मोडून बार्सेलोनाची वाट धरतो, केवळ ते पुस्तक खोटं ठरावं म्हणून. बार्सेलोनात छापखाना बघायला जातो तर तिथं त्याच पुस्तकाची प्रुफं तपासली जात असतात.

आणि परतीच्या वाटेवर एका खानावळीत त्याला भेटतो डॉन आल्वारो तार्फे. हा अवेयानेदाच्या पुस्तकातला माणूस. सर्व्हान्तेसनं शत्रूचं पात्र उचलून आपल्या पुस्तकात आणलं. तार्फे म्हणतो, मी ज्या किहोटेला ओळखतो तो तुम्ही नव्हे. मग किहोटे गावच्या न्यायाधिकाऱ्याकडं अर्ज करतो, कारकुनासमोर रीतसर जबानी लिहून घेतो: हजर असलेला इसम म्हणजे पुस्तकात छापलेला तो किहोटे नव्हे. सगळे कायदेशीर सोपस्कार पुरे होतात. सांचो आणि किहोटे दोघंही खूश, जणू या दाखल्याशिवाय त्यांचं काही अडलं होतं. दोन प्रकरणांनंतर सर्व्हान्तेस किहोटेला मारतो, पुन्हा कुणी त्याला बाहेर काढू नये म्हणून, आणि 1616 च्या एप्रिलमध्ये स्वतः जातो.

अवेयानेदा म्हणजे खरोखर कोण, याचा निकाल चारशे वर्षांत लागलेला नाही. संशयितांची यादी मात्र अभ्यासक अजून वाढवतायत.